पाणी शुद्धीकरण यंत्र घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर: पाच वर्षांच्या खर्चाचा हिशेब

घरगुती आरओ यंत्रासाठी (रिव्हर्स ऑस्मोसिस, म्हणजे पाणी सूक्ष्म पडद्यातून दाबून त्यातले क्षार काढण्याची पद्धत) दुकानात जी रक्कम मोजली जाते, ती त्या यंत्रावर होणाऱ्या एकूण खर्चाच्या अनेकदा निम्म्याहूनही कमी असते. उरलेली रक्कम पुढच्या चार-पाच वर्षांत मेम्ब्रेन (क्षार अडवणारा तो पडदा), फिल्टर, वार्षिक देखभाल करार, ‘व्हिजिट चार्ज’ आणि मोरीत वाहून जाणारे पाणी अशा रूपांनी थोडीथोडी खर्च होते, आणि ती थोडीथोडी जात असल्यामुळेच तिची बेरीज कोणी करीत नाही. त्याहून खेदाची गोष्ट अशी की, महाराष्ट्रातील ज्या शहरांत अशी यंत्रे सर्वाधिक दिसतात, त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी धरणाचे पाणी येते आणि त्या पाण्याला आरओची मुळात गरजच नसते. म्हणून यंत्राची निवड हा या कामातला पहिला टप्पा नाही. आपल्या नळाला नेमके कोणते पाणी येते हे जाणून घेणे, हा पहिला टप्पा आहे.

आधी पाणी तपासावे

पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण म्हणजे टीडीएस. ते मोजण्याचे पेनाएवढे मीटर २०० ते ५०० रुपयांत मिळते आणि यंत्र घेण्याचा विचार असलेल्या प्रत्येकाने ते आधी विकत घ्यावे, कारण पुढे दुरुस्तीच्या वेळीही तेच उपयोगी पडते. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याविषयीच्या आयएस १०५०० या मानकानुसार टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच उपलब्ध नसेल तर २००० पर्यंतचे पाणी चालवून घेता येते. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा या जलाशयांचे आणि पुण्याला खडकवासला साखळीतील धरणांचे जे पाणी मिळते, त्याचा टीडीएस सहसा २०० च्या आत असतो. अशा पाण्यातले क्षार काढून टाकण्यासाठी पंधरा-वीस हजारांचे यंत्र बसवणे म्हणजे जो आजार नाही त्याचे औषध घेणे होय. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही, जेथे टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तेथे आरओच्या वापरावर बंदी घालावी, असे निर्देश केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला दिले होते.

मात्र एकदाच मोजून थांबू नये. महापालिकेच्या थेट नळाचे पाणी, गच्चीवरच्या टाकीचे पाणी आणि उन्हाळ्यात टँकरने येणारे पाणी ही एकाच इमारतीत तीन वेगवेगळी पाणी असू शकतात. पुण्याच्या वेशीवरच्या अनेक गृहसंकुलांत वर्षातले काही महिने बोअरवेल आणि टँकरचे मिश्रण वापरले जाते, आणि त्या मिश्रणाचा टीडीएस आठवड्यागणिक बदलतो. म्हणून पावसाळ्यानंतर एकदा आणि एप्रिल-मे महिन्यांत एकदा मोजणी करावी आणि आकडे तारखेसह लिहून ठेवावेत.

टीडीएस मीटरची मर्यादाही इथेच समजून घ्यायला हवी. ते मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देते, परंतु जंतूंविषयी ते काहीही सांगू शकत नाही. सांडपाण्याची वाहिनी फुटून नळाच्या पाण्यात मिसळली तरी मीटरवरचा आकडा फारसा हलणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता आणि लगतच्या परिसरात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा प्रश्न पाण्यातील जंतूंचा आणि क्लोरीनच्या प्रमाणाचा होता, क्षारांचा नव्हता. जंतूंसाठी एच-टू-एसची छोटी बाटली हा घरगुती प्राथमिक उपाय आहे: तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून ती एक ते दोन दिवस खोलीच्या तापमानाला ठेवायची, आणि पाणी काळे पडले तर ते पिण्यास अयोग्य समजायचे. 

फ्लोराइड आणि नायट्रेट यांचाही मीटरवरून पत्ता लागत नाही. फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आणि कमाल १.५ मिलिग्रॅम आहे, तर नायट्रेटसाठी ४५ मिलिग्रॅमच्या पुढे कोणतीही सवलत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांत बोअरवेलचे पाणी पिणाऱ्यांनी प्रयोगशाळेतील तपासणी टाळू नये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत किंवा मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत होणारा खर्च यंत्राच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतो.

विक्रेत्याचे प्रात्यक्षिक

यंत्र विकणारा प्रतिनिधी घरी येतो तेव्हा त्याच्या पिशवीत बहुधा एक छोटे विजेवर चालणारे उपकरण असते, ज्याला लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या दोन-दोन कांड्या जोडलेल्या असतात. एका पेल्यात नळाचे पाणी आणि दुसऱ्या पेल्यात आरओचे पाणी घेऊन तो कांड्या बुडवतो व वीज सुरू करतो. मिनिटाभरात नळाचे पाणी तांबूस, हिरवट किंवा काळपट होते, वर फेस येतो, आणि आरओचे पाणी मात्र स्वच्छ राहते. ‘तुमची मुले हे पीत होती’ हे वाक्य नेमके याच क्षणी येते.

वस्तुतः पेल्यात जो गाळ दिसतो तो पाण्यातला नसून कांड्यांचा असतो. नळाच्या पाण्यात क्षार असल्यामुळे त्यातून वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरते आणि त्याचा तांबूस-हिरवट गाळ तयार होतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसल्यामुळे वीज वाहत नाही आणि पाणी तसेच राहते. याचा पडताळा घेण्यासाठी प्रतिनिधीसमोरच आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकावे आणि तोच प्रयोग पुन्हा करायला सांगावे. ते ‘शुद्ध’ पाणीही तितकेच घाण दिसू लागते. ही मागणी केल्यावर पुढचे संभाषण बरेच आटोपशीर होते.

कोणते यंत्र, आणि कोणते नको

टीडीएस २०० ते ३०० च्या आत असेल आणि प्रयोगशाळेत काही विषारी घटक आढळला नसेल, तर गाळण, कार्बन आणि यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) एवढे असलेले यंत्र पुरेसे आहे. यूव्ही दिव्यामुळे जंतू निष्प्रभ होतात, परंतु पाणी गढूळ असेल तर किरण आत पोहोचत नाहीत, म्हणून त्याच्या आधीची गाळण नीट असावी लागते. यूव्हीला वीज लागते. ज्या भागात वीज तासन्‌तास जाते तेथे यूएफ म्हणजे पोकळ तंतूंची गाळणी असलेले, विजेशिवाय चालणारे यंत्र सोयीचे पडते. ते गढूळपणा आणि जिवाणू अडवते, मात्र विषाणूंच्या बाबतीत त्याच्यावर पूर्ण विसंबता येत नाही. यूव्ही किंवा यूएफ या दोहोंपैकी कशानेही क्षार कमी होत नाहीत, आणि धरणाच्या पाण्यात ते कमी होण्याची आवश्यकताही नसते.

टीडीएस ५०० च्या वर असेल, फ्लोराइड किंवा नायट्रेट मर्यादेबाहेर असेल, तर आरओला पर्याय शोधत बसू नये. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा हे याचे ठळक उदाहरण आहे. तेथील भूजल इतके खारट असते की काही ठिकाणी ते घरगुती यंत्राच्या क्षमतेबाहेर जाते. बहुतेक घरगुती यंत्रांच्या माहितीपत्रकात येणाऱ्या पाण्याच्या टीडीएसची कमाल मर्यादा दिलेली असते, ती साधारणपणे २००० असते, आणि त्यापुढच्या पाण्यावर यंत्र चालवले तर मेम्ब्रेन लवकर चोंदते आणि हमीचा दावाही नाकारला जातो. अशा गावांत घरोघरी यंत्र घेण्यापेक्षा नळयोजनेचे पाणी किंवा गावपातळीवरचा मोठा प्रकल्प, ज्याला लोक पाण्याचे एटीएम म्हणतात, हा मार्ग पैशाने आणि पाण्याने दोन्हीकडून परवडतो.

३०० ते ५०० यांच्या दरम्यानचे पाणी असेल तर निर्णय चवीवर आणि पाण्याच्या जडपणावर सोडावा. भांड्यांवर पांढरा थर बसणे, डाळ लवकर न शिजणे ही जड पाण्याची लक्षणे आहेत. ती त्रासदायक असली तरी केवळ त्यांच्यामुळे पाणी अपायकारक ठरत नाही.

आता अधिकच्या सोयींविषयी. ‘टीडीएस कंट्रोलर’ नावाची जी छोटी झडप असते, ती आरओमधून न गेलेले थोडे पाणी शुद्ध पाण्यात मिसळते, म्हणून चव सुधारते. ज्या पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट आहे तेथे मात्र या झडपेतून तेही घटक परत मिसळले जातात, आणि ज्या कारणासाठी यंत्र घेतले ते कारणच पाण्यात जाते. अशा घरी ही झडप पूर्ण बंद ठेवायला सांगावी. ‘मिनरल’, ‘अल्कलाइन’, ‘कॉपर’ अशी नावे असलेली नळकांडी ही बदलावी लागणारी आणखी एक वस्तू आहे एवढेच लक्षात घ्यावे. आधी क्षार काढण्यासाठी पैसे द्यायचे आणि मग ते परत घालण्यासाठी पुन्हा पैसे द्यायचे, हा व्यवहार मला तरी कधी पटलेला नाही. तांब्याची हौस असेल तर घरातला तांब्याचा हंडा पुरे.

खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी: फिल्टर आणि मेम्ब्रेन सर्वसाधारण मापाचे आहेत की केवळ त्याच कंपनीच्या साच्यात बसणारे आहेत. साधारण मापाचा दहा इंची स्पन फिल्टर (गाळ अडवणारी कँडल) किंवा नेहमीच्या आकाराचे मेम्ब्रेन कोणत्याही मोठ्या गावातल्या दुकानात मिळते. कंपनीने आकार, आटे किंवा चिप बदलून बंदिस्त केलेले नळकांडे मात्र ती ठरवील त्या किमतीलाच घ्यावे लागते, आणि कंपनीने ते मॉडेल बंद केले की चालू यंत्र भंगारात जाते. काही यंत्रांत फिल्टरचे आयुष्य दिवसांवर किंवा लिटरवर मोजणारा गणक असतो, आणि ती संख्या भरली की फिल्टर चांगला असला तरी यंत्र सूचना देते किंवा थांबते. दुकानात ‘गणक संपल्यावर यंत्र बंद पडते का, आणि तो कोण शून्यावर आणू शकतो’ हा प्रश्न थेट विचारावा. आरओ यंत्रावर आयएस १६२४० या मानकाची खूण आहे का, हेही पाहून घ्यावे.

पाच वर्षांची बेरीज

हिशेब कागदावर मांडल्याशिवाय दोन यंत्रांची तुलना होत नाही. उदाहरणादाखल चार माणसांचे घर धरू, ज्यात पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी रोज १५ लिटर पाणी लागते. पाच वर्षांत हे पाणी सुमारे २७,००० लिटर होते. यंत्राची किंमत १५,००० रुपये, बसवताना बाहेरचा प्री-फिल्टर, नळाचा जोड आणि जास्तीची नळी यांचे मिळून १,००० रुपये, आणि दुसऱ्या वर्षापासून सर्व भागांसह देखभाल कराराचे वर्षाला ४,५०० रुपये धरले, तर पाच वर्षांचा खर्च ३४,००० रुपये होतो. म्हणजे लिटरमागे सव्वा रुपया. त्याच घरात ८,००० रुपयांचे यूव्ही यंत्र आणि वर्षाला १,५०० रुपयांची देखभाल धरली, तर पाच वर्षांत १४,००० रुपये, म्हणजे लिटरमागे साधारण ५० पैसे पडतात. आपल्या गावातले दर घेऊन हीच बेरीज स्वतः करावी, कारण दर शहरागणिक आणि कंपनीगणिक बरेच वेगळे असतात.

पाणी उकळणे फुकट असते असाही एक समज आहे. १५ लिटर पाणी रोज उकळी येईपर्यंत तापवायचे तर घरगुती गॅसचे वर्षाला चारहून थोडे अधिक सिलिंडर लागतात. केवळ पिण्याचे आठ लिटर उकळले, कारण स्वयंपाकातले पाणी तसेही उकळतेच, तरी दोनाहून थोडे अधिक सिलिंडर जातात. साथीच्या काळात उकळण्याइतका भरवशाचा उपाय नाही, हे खरे आहे, परंतु बारमाही उपाय म्हणून त्याचाही खर्च बेरजेत धरावा.

विजेच्या खर्चाची चिंता करण्याचे कारण नाही, कारण ४० ते ६० वॅटचे हे यंत्र दिवसातून तास-दीड तास चालते.

दरमहा भाड्याने मिळणारी यंत्रे अलीकडे बरीच आली आहेत. महिन्याला ४०० रुपये ऐकायला कमी वाटतात, पण पाच वर्षांचे ते २४,००० होतात आणि शेवटी यंत्र आपले नसते. शिवाय महिन्याला किती लिटरपर्यंत, त्यापुढे किती दर, अनामत रक्कम परत केव्हा, यंत्र परत करताना काढण्याचे शुल्क आहे का, आणि खात्यातून आपोआप पैसे जाण्याची परवानगी रद्द कशी करायची, या अटी वाचल्याशिवाय सही करू नये. दोन-तीन वर्षांत घर बदलणाऱ्या भाडेकरूला मात्र ही पद्धत सोयीची ठरते, कारण दुरुस्तीची जबाबदारी देणाऱ्याची राहते.

देखभाल करार वाचावा कसा

विक्रीनंतर सर्वाधिक तक्रारी ज्यावरून होतात ते हे प्रकरण आहे, आणि त्यातला मुख्य घोळ ‘एएमसी’ (वार्षिक देखभाल करार) या तीन अक्षरांत दडलेला असतो. एकाच नावाखाली तीन प्रकारचे करार विकले जातात. पहिल्या प्रकारात केवळ ठरावीक भेटी आणि साफसफाई मिळते व प्रत्येक भागाचे वेगळे पैसे द्यावे लागतात. दुसऱ्यात फिल्टर समाविष्ट असतात, परंतु मेम्ब्रेन नसते. तिसऱ्या, सर्वंकष प्रकारात मेम्ब्रेन आणि विजेचे भागही येतात, तरी तेथेही ‘मेम्ब्रेन वर्षातून जास्तीत जास्त एकदा’ किंवा ‘येणाऱ्या पाण्याचा टीडीएस अमुक मर्यादेत असल्यास’ अशा अटी असतात. फोनवर बोलणारी व्यक्ती ‘सगळे कव्हर आहे’ असे म्हणते, तेव्हा तिच्याकडून भागांची यादी लेखी मागवावी. यादीत पंप, एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा भाग), सोलेनॉइड झडप (पाणी विजेवर चालू-बंद करणारी), फ्लोट (टाकी भरल्याची खूण देणारा), यूव्ही दिवा आणि त्याचा चोक, कार्बन फिल्टर, सेडिमेंट (गाळाचा) फिल्टर, मेम्ब्रेन आणि टाकीचा नळ यांची नावे स्वतंत्रपणे असली पाहिजेत. जे नाव यादीत नाही त्याचे पैसे द्यावे लागणार, असे गृहीत धरावे.

‘एक वर्षाची हमी’ हे शब्दही असेच तपासावेत. अनेक यंत्रांत ही हमी विजेच्या भागांपुरती असते आणि फिल्टर व मेम्ब्रेन ‘वापरून संपणारे भाग’ म्हणून वगळलेले असतात. म्हणजे खर्चाचा मोठा वाटा ज्या भागांचा आहे तेच हमीबाहेर राहतात.

करारात तक्रार केल्यापासून किती तासांत माणूस येईल हे लिहिलेले असावे. घर बदलल्यास यंत्र काढण्याचे आणि दुसरीकडे बसवण्याचे शुल्क किती, दुसऱ्या शहरात करार चालू राहील का, आणि ठरलेल्या भेटी झाल्याच नाहीत तर रक्कम परत मिळेल का, हेही लेखी घ्यावे. पैसे भरण्यापूर्वी क्रमांकाची खात्री करून घेणे फार महत्त्वाचे आहे. इंटरनेटवर कंपनीच्या नावाने सेवा केंद्र शोधले असता वर येणारे कितीतरी क्रमांक अनधिकृत दुरुस्तीवाल्यांचे असतात, जे कंपनीचेच असल्याचे भासवून वर्षाचे पैसे आगाऊ घेतात. यंत्रासोबतच्या पुस्तिकेवर छापलेला क्रमांकच वापरावा.

माझे मत विचाराल तर, धरणाचे पाणी आणि साधारण मापाचे फिल्टर असलेल्या घराला सर्वंकष कराराची गरज क्वचितच असते. बाहेरच्या प्री-फिल्टरमधली पांढरी कँडल शंभर-दोनशे रुपयांना मिळते आणि ती तीन-चार महिन्यांनी बदलण्यासाठी कोणत्याही तंत्रज्ञाची आवश्यकता नसते. पाण्याचा कॉक बंद करावा, सोबत मिळालेल्या पान्याने भांडे सैल करावे, आतील रबरी कडी जागेवर आहे ना हे पाहावे आणि नवी कँडल बसवून भांडे परत घट्ट करावे. उरलेले फिल्टर वर्षातून एकदा स्थानिक माहितगार तंत्रज्ञाकडून पावतीसह बदलून घेतले, तर करारापेक्षा बहुधा स्वस्त पडते. टँकर किंवा बोअरवेलवरच्या घरात मात्र मेम्ब्रेनचा भरवसा नसतो, त्यामुळे तेथे सर्वंकष करार रास्त ठरू शकतो.

तंत्रज्ञ ‘मेम्ब्रेन गेले’ म्हणतो तेव्हा

मेम्ब्रेन हा सर्वांत महाग भाग असल्यामुळे तोच सर्वाधिक वेळा ‘जातो’. त्याची परीक्षा घरच्या टीडीएस मीटरने करता येते. आधी टीडीएस कंट्रोलर बंद करावा, यंत्र दहा मिनिटे चालू द्यावे, आणि मग नळाचे पाणी व मेम्ब्रेनमधून थेट येणारे शुद्ध पाणी या दोन्हींचा टीडीएस मोजावा. नळाला ६०० आणि बाहेर ५० असेल तर मेम्ब्रेन ९० टक्क्यांहून अधिक क्षार अडवीत आहे, म्हणजे ते सुस्थितीत आहे. तोच आकडा २०० पर्यंत गेला असेल तर बदलण्याची वेळ आली आहे. केवळ ‘पाणी हळू येते’ हे मेम्ब्रेन बदलण्याचे कारण होऊ शकत नाही. हळू येण्यामागे चोंदलेली कँडल, टाकीतून येणारा अपुरा दाब, थकलेला पंप किंवा नीट न उघडणारी झडप यांपैकी काहीही असू शकते, आणि हे सर्व भाग मेम्ब्रेनच्या आधी तपासायचे असतात. उलट यंत्र बंद असतानाही वाया जाणाऱ्या पाण्याची नळी वाहत राहिली, तर सोलेनॉइड झडपेकडे पाहावे.

यूव्ही दिव्याची गोष्ट वेगळी आहे. तो निळसर प्रकाश देत असला तरी काही हजार तासांनंतर त्यातले जंतुनाशक किरण क्षीण होतात, आणि हे डोळ्यांना दिसत नाही. पुस्तिकेत दिलेल्या तासांनुसार किंवा मुदतीनुसार तो बदलावा. इथे काटकसर नको.

नवा भाग बसवला की त्यावर मार्करने तारीख लिहावी आणि जुना भाग स्वतःकडे ठेवून घ्यावा. जुना भाग घरी राहिला की तोच धुऊनपुसून दुसऱ्या घरी ‘नवा’ म्हणून बसवला जाण्याची शक्यता उरत नाही, आणि वाद झाल्यास पुरावाही राहतो. भागाच्या वेष्टनावरची कमाल किरकोळ किंमत पाहावी व जीएसटी क्रमांक असलेले बिल मागावे. ‘बिल नको असेल तर इतके कमी’ हा प्रस्ताव नाकारावा, कारण बिलाशिवाय पुढची कोणतीही तक्रार लंगडी पडते. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे तंत्रज्ञाला सौम्यपणे सांगितले तरी बहुतेक वेळा बिलपुस्तक बाहेर येते.

बादलीत जाणारे पाणी

घरगुती आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारणपणे दोन ते तीन लिटर पाणी बाहेर टाकते. वर धरलेल्या घरात रोज १५ लिटर शुद्ध पाण्यामागे तीनपटीने ४५ लिटर, म्हणजे वर्षाला १६,००० लिटरहून अधिक पाणी जाते, आणि हे दहा हजार लिटरच्या दीड टँकरहून जास्त आहे. टँकरचे पैसे सोसायटीच्या मासिक देयकात विभागले जात असल्यामुळे हा खर्च यंत्राच्या नावावर कधी दिसत नाही. शंभर सदनिकांच्या सोसायटीत मात्र तो दीडशे टँकरच्या वर जातो. सर्वसाधारण सभेत हा आकडा मांडला तर, प्रत्येकाने वेगळे यंत्र घेण्यापेक्षा टाक्या वर्षातून दोनदा धुऊन घेणे आणि टाकीतील क्लोरीन नियमित तपासणे किती स्वस्त पडते, यावर निदान चर्चा तरी सुरू होते. पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे, असे आयएस १०५०० सांगते, आणि ते तपासण्याचे साधे संच बाजारात मिळतात.

बाहेर टाकलेले पाणी नळी लावून बादलीत घ्यावे. मूळ पाण्याचा टीडीएस ८० असेल तर बाहेर पडणाऱ्या पाण्याचा शंभराच्या जवळपास असतो, आणि ते धुणी-भांडी, झाडे, फरशी कशालाही चालते. (ज्या घरी हा आकडा दिसतो, त्या घरी आरओ का आहे, हा प्रश्न तेवढा उरतो.) मूळ पाणी १२०० चे असेल तर बाहेरचे १५०० च्या वर जाते. ते शौचालयात व फरशीला वापरावे, कुंड्यांना घालू नये, कारण क्षार मातीत साचत जातात.

शुद्ध पाण्याच्या टाकीकडेही लक्ष द्यावे. कार्बन फिल्टर पाण्यातील क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे साठवलेल्या पाण्याला पुढे कोणतेही संरक्षण उरत नाही. चार-पाच दिवस गावाला जाऊन आल्यावर टाकीतले पाणी पूर्ण सोडून द्यावे आणि पहिली भरलेली टाकीही पिण्यासाठी वापरू नये.

तक्रार करायची वेळ आली तर

प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. फोनवर झालेले बोलणे त्याच दिवशी ईमेलने कळवून ठेवावे. ठरलेल्या मुदतीत दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथे मराठीतही बोलता येते, आणि कंपनीशी मध्यस्थी होऊन अनेक प्रकरणे याच टप्प्यावर मिटतात. त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, तिच्यासाठी वकील सक्तीचा नाही, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहारांना शुल्क लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करणे मात्र बंधनकारक आहे. ऑनलाइन दाखल करण्यासाठी ई-जागृती हे संकेतस्थळ आहे. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थाही मार्गदर्शन करतात.

तक्रारीसोबत यंत्राचे बिल, हमीपत्र, कराराची प्रत, भागांची यादी, बदललेल्या भागांची छायाचित्रे आणि टीडीएसच्या तारीखवार नोंदी जोडाव्यात. ‘सेवा समाधानकारक नाही’ असे मोघम लिहिण्याऐवजी कोणत्या तारखेला कोणता भाग बदलला, त्यासाठी किती रक्कम घेतली, करारातील कोणत्या कलमानुसार तो विनामूल्य मिळायला हवा होता आणि आता नेमकी किती रक्कम परत हवी आहे, हे चार-सहा वाक्यांत मांडावे. आगाऊ पैसे घेऊन ठरलेल्या भेटी न देणाऱ्या सेवा केंद्राविरुद्ध अशी तक्रार करताना भेटींच्या नोंदींचे कार्ड उपयोगी पडते, म्हणून तंत्रज्ञ गेल्यावर त्यावर त्याची सही आणि तारीख आहे ना, हे त्याच वेळी दारातच पाहून घ्यावे.